सोलोला बूस्टर दाबला तरी गिटारचा आवाज वाढत नाही. पेडल्स कोणत्या क्रमाने लावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटार, बूस्टर (सिग्नल वाढवणारं पेडल), ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं), डिले (प्रतिध्वनी देणारं), ॲम्प अशी रांग लावली आहे, घरी झकास वाजतं, पण बँडबरोबर सोलो आला की बूस्टर दाबूनही गिटार ऐकू येत नाही. तर आता महागातला बूस्टर घ्यावा का?

नका घेऊ. आहे तोच उचला आणि ओव्हरड्राइव्हच्या पलीकडे, ॲम्पच्या बाजूला ठेवा. झालं उत्तर. पुढचं सगळं मी माझ्या समाधानासाठी लिहितोय. या एका पेडलच्या जागेवरून माझं आणि आमच्या कीबोर्डवाल्या दादांचं दहा-अकरा वर्षं वाजतंय, आणि आज कुणी विषय काढलाच आहे तर मी सोडणार नाही.

मी नाशिकला सातपूरमध्ये एका प्रेस शॉपमध्ये डाय सेटिंग करतो, म्हणजे पत्र्याचे भाग काढायच्या प्रेसवर साचे बसवतो, आणि शिफ्ट जुळेल तशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. 2014 च्या गणपतीत पंचवटीतल्या एका मंडळाकडे आमचा कार्यक्रम होता. संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, स्टेजवर ताडपत्री, तिच्यात साठलेलं पाणी मधूनच ड्रमरच्या पाठीवर. माझा पेडलबोर्ड म्हणजे जुन्या कपाटाचं दार आणि त्यावर वेल्क्रो. बूस्टर नवाकोरा होता, दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचा. म्हणून मानाच्या गणपतीसारखा त्याला रांगेत पहिला ठेवला होता, गिटारला लागून.

एका गाण्यात मध्ये आठ बारचा माझा पीस होता. मी दोन पावलं पुढे आलो, बूस्टरवर पाय दिला, लाल दिवा लागला. आवाज जाडा झाला, चिकट झाला, सूर लांबायला लागले. मोठा मात्र झाला नाही. तेव्हा मला ते कळलंच नाही, कारण ॲम्प माझ्या पोटरीमागे होता, आणि ॲम्पपासून दोन फुटांवर आपण सगळेच महान असतो. डोळे मिटून आठही बार वाजवले, शेवटचा सूर ओढला, आणि टाळ्या पडल्या. मी मान लववून त्या घेतल्या.

रात्री घरी बायकोने मोबाइलवर केलेलं शूटिंग दाखवलं. त्यात मी बोटं नाचवतोय, तोंड वाकडं करतोय, आणि ऐकू येतेय चक्क बासरी. दादांना वाटलं माझी पिन निघाली. त्यांनी दुसऱ्या बारपासून माझा पीस कीबोर्डवर उचलून घेतला होता. टाळ्या त्यांच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळ्यांसमोर दादा म्हणाले, "पेडलांत घालतोस ते पैसे वाचव अन् रियाज कर. हातात असलं की काही लागत नाही." दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, मला ऑर्केस्ट्रात आणलं तेही त्यांनीच, त्यामुळे तोंडावर काही बोललो नाही. पण मी बेसूर वाजवलं नव्हतं हो. सूर बरोबर होते, फक्त पोहोचले नव्हते. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हीला रियाज हे औषध नाही.

त्या रविवारी सगळी पेडल्स फरशीवर मांडली. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं, फोन स्टुलावर, स्टूल ॲम्पपासून सहा फुटांवर. बूस्टर ड्राइव्हच्या आधी ठेवून दाबला: जेमतेम एक डेसिबल वाढला. तोच बूस्टर, नॉब तिथेच, ड्राइव्हच्या नंतर ठेवला: सहा. फोनचा माइक काही प्रयोगशाळेतला नाही, पण एक आणि सहा यातला फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तो कागद अजून गिटारच्या केसमध्ये आहे.

कारण अगदी सोपं आहे, आणि माझ्या धंद्यातलं असून मला दिसलं नव्हतं याचीच लाज वाटते. ओव्हरड्राइव्हच्या सर्किटमध्ये बहुतेक वेळा डायोड असतात. सिग्नल ठराविक उंचीच्या वर गेला की ते त्याचं डोकं छाटतात, आणि त्या छाटण्यातूनच तो गोड खरखरीतपणा येतो. छाटणी चालू असताना मागून आणखी जोर लावला की आणखी छाटलं जातं, उंची तेवढीच राहते. आमच्याकडे ठोकून चपटं करायच्या कामात प्रेसची शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची, एकदा बांधली की शीट जरा जाड घातली तरी तुकडा साधारण तेवढ्याच जाडीचा निघणार. जाडी वाढवायची तर जे काही करायचं ते डायच्या बाहेर, पुढच्या ऑपरेशनला.

मी हे दादांना कागदासकट समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे पेडल इकडचं तिकडे केलं की माणूस कलाकार होतो?" आता याला काय बोलणार?

नेटवर तुम्हाला उलटं सांगणारे शंभर भेटतील. क्वीन बँडचा ब्रायन मे ट्रेबल बूस्टर घालून व्हॉक्स एसी 30 हा ॲम्प वाजवतो, ब्लूजवाला स्टीवी रे वॉन ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल ॲम्पच्या तोंडावर लावायचा, मग आपण का नाही? लावा की. पण ब्रायन मे याला तो बूस्टर मुळात ॲम्पचा आवाज फोडायलाच, म्हणजे खरखरीत करायलाच, हवा असतो, सूर लांबवण्यासाठी. आणि वॉनचे ॲम्प मोठे, त्यांच्यात जागा शिल्लक, त्यामुळे पुढून ढकललेलं मागून मोठं होऊन निघायचं. आपलं तसं नाही. आपण ड्राइव्हचं पेडल आधीच नॉबचा काटा बारावर येईपर्यंत पिळलेलं असतं. तुमचे सूर सोलोत लगेच मरत असतील तर बूस्टर ड्राइव्हच्या आधी ठेवण्यात अर्थ आहे. ऐकू येत नसतील तर नंतर. बूस्टरचं काम करणारी माझ्याकडे आता दोन पेडल्स आहेत, एक ड्राइव्हच्या आधी, एक नंतर. दादांना एकच माहीत आहे.

मोठा ॲम्प घ्या असा सल्ला कुणी देईल, तोही ऐकू नका. वॅट दुप्पट केले तर वाढतात 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात, म्हणजे दहापट वॅट. सोलोला 4 ते 6 डेसिबल पुरतात, आणि ते बूस्टर फुकटात देतो.

आता तो भाग, जो दादांनी वाचला नाही तरी चालेल. जागा बदलल्यावरही पुढच्या दोन कार्यक्रमांत माझा सोलो अर्धाच ऐकू आला. आवाज मोठा होता, पण चेहरा नव्हता. दादा म्हणाले होते, "तुझ्या आवाजाला पोटच नाही." मी ते टोमणा म्हणून घेतलं. ते खरं निघालं.

झालं असं होतं की मी माझा टोन रात्री अकरानंतर लावायचो, आई शेजारच्या खोलीत झोपलेली, ॲम्प कुजबुजतोय. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र भाग कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच हे मोजून ठेवलं आहे. मग आपण काय करतो? बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिडल खाली ओढतो, आणि वा वा म्हणतो. हाच टोन स्टेजवर नेला की खालचा सगळा इलाखा बास गिटार आणि किक ड्रमचा असतो, वर झांजा आणि हाय-हॅट, आणि समोरून नाशिक ढोलाचं पथक गेलं तर बोलायलाच नको. गिटारला उरतो फक्त मधला पट्टा, आणि तोच आपण घरी कापून आलेलो असतो. पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा सूर 659 हर्ट्झ, सतराव्यावरचा 880. सोलो तिथेच राहतो. ट्यूब स्क्रीमर साधारण 720 हर्ट्झच्या आसपास फुगतो म्हणून तर तो बँडमध्ये ऐकू येतो आणि घरी एकट्याने नाकात बोलल्यासारखा वाटतो. घरी नाकात वाटणारा टोन स्टेजवर बरोबर असतो, हे मला पटायला दोन सीझन लागले.

म्हणून आज माझ्याकडे ड्राइव्हच्या नंतर साधा बूस्टर नाहीच, बॉस कंपनीचा जीई-7 ईक्यू आहे, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायचं पेडल. 800 हर्ट्झची दांडी चार-पाच डेसिबल वर, 100 हर्ट्झची तीन खाली, 6.4 किलोहर्ट्झची जराशी खाली, आणि लेव्हलची दांडी तीनेक वर. आवाज आणि पोट दोन्ही एका लाथेत. तुमच्याकडे ईक्यू पडून असेल तर बूस्टर विकून टाकलात तरी चालेल.

डिलेचं विचारलंत ते राहिलंच. डिले शेवटी, बूस्टरच्याही नंतर. ड्राइव्हच्या आधी ठेवलात तर प्रत्येक प्रतिध्वनी ड्राइव्हमधून दळून निघतो आणि चिखल होतो. बूस्टरच्या नंतर ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे सोलो संपवून बूस्टर बंद केला तरी मागे रेंगाळणारे सूर तोडल्यासारखे खाली पडत नाहीत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं ड्राइव्ह पेडलमधून येत असेल तरच. ड्राइव्ह ॲम्पच्या स्वतःच्या चॅनलचा असेल तर बूस्टर कुठेही पुढे ठेवा, तो छाटणीतच जाणार. ॲम्पच्या मागे सेंड-रिटर्नचं लूप, म्हणजे ॲम्पच्या आतल्या ड्राइव्हनंतर पेडल जोडायची जागा, असेल तर त्यात टाका. लूप नसेल तर ऱ्हिदम वाजवताना गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवण्याची सवय लावा, त्याने सोलो मोठा होणार नाही, पण ऱ्हिदम तरी स्वच्छ राहील. ॲम्प आधीच दहावर असेल तर काहीही करून उपयोग नाही, तिथे जागाच उरलेली नसते. वाह (पायाने हलवून "वा-वा" आवाज काढायचं पेडल) असेल तर ड्राइव्हच्या आधी. जुन्या पद्धतीचं फझ (ड्राइव्हहूनही खरखरीत करणारं पेडल) असेल तर ते गिटारला थेट लागून, त्याच्या आधी बॉससारखं बफरवालं, म्हणजे बंद असतानाही सिग्नल आपल्या सर्किटमधून नेणारं, काही नको, किरकिरतं. आणि एकाच अडॅप्टरवर सगळी पेडल्स माळेसारखी ओवली असतील आणि हम् येत असेल, तर ड्राइव्हला दोष देण्याआधी डिजिटल डिलेला वेगळा अडॅप्टर देऊन बघा.

मिक्सरवाल्याला आधी सांगा, हे तर लिहायचंच राहत होतं. साउंडचेकला बूस्टर बंद आणि चालू, दोन्ही वाजवून दाखवा. नाहीतर तुम्ही सोलोला पाच डेसिबल वर जाता आणि तो बिचारा फेडर, म्हणजे मिक्सरवरची तुमच्या आवाजाची दांडी, पाच खाली ओढतो. किंवा तुमच्या चॅनलवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) लावलेला असतो आणि तो तेच काम न विचारता करतो.

दादांशी वाद मिटलेला नाही. गेल्या नवरात्रात स्टेजवरून उतरताना एवढंच म्हणाले, "आज जरा जास्तच मोठा होता." खरंच होता. अंधारात चढताना कुणाचा तरी पाय बोर्डवर पडून लेव्हलची दांडी टोकाला गेली होती, म्हणजे तब्बल 15 डेसिबल. तुम्ही तिच्यावर चिकटपट्टी लावा.