हायवेला 80 ने चालवली तर गाडी खरंच जास्त ॲव्हरेज देते का?

तुम्ही लिहिलंय की हजार सीसीची पेट्रोल गाडी आहे, महिन्यातून दोनदा नाशिक-मुंबई होतं, समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून 110-120 ने जाता आणि ॲव्हरेज 16 च्या वर जात नाही. सर्व्हिसिंग झालं, प्लग बदलले, तरी तेच. इंजिनात काही आहे का?

बहुतेक काही नाही. प्लगचे पैसे गेले एवढंच.

माझीही हजार सीसीचीच आहे, आणि हाच प्रश्न पडला म्हणून मी तीन वेगवेगळ्या फेऱ्यांचा हिशोब ठेवला. पाथर्डी फाट्याजवळच्या पंपावर टाकी फुल, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, 'साहेब, राउंड फिगर करू का' म्हटलं की नको म्हणायचं. मग घोटीचा टोल, इगतपुरीला समृद्धीवर चढायचं, आमण्याला उतरून भिवंडीत मेव्हण्याकडे, आणि त्याच रस्त्याने परत. सगळे मिळून अडीचशे किलोमीटर. परतल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा फुल. समृद्धीवर काटा 80 ला ठेवला त्या फेरीत 11 लिटर बसलं. 100 ला ठेवला तेव्हा पावणेतेरा. आणि मेव्हणा शेजारी बसून 'चल रे, रस्ता मोकळा आहे' करत होता, त्या 120 च्या फेरीत सव्वापंधरा. म्हणजे साडेबावीस, साडेएकोणीस आणि सोळाच्या जरा वर. तुमचा आकडा यातच बसतो.

कारण हवा आहे. गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात: टायरचं घर्षण आणि हवेचा रेटा. टायरचं ओढणं वेगाने फारसं बदलत नाही. हवेचं मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं. आपल्यासारख्या उंच, डबा आकाराच्या गाडीत साठच्या आसपास दोघं जवळपास बरोबरीचे असतात, त्यापुढे हवा बाजी मारते. 80 वरून 100 वर गेलात की हवेचा रेटा दीडपटीहून थोडा जास्त होतो, 120 वर सव्वादोनपट. पेट्रोल मात्र तेवढ्या पटीत वाढत नाही, कारण टायरचा वाटा तसाच राहतो आणि जरा भार आला की इंजिनही अधिक कार्यक्षम चालतं. मग 50 ने चालवू का, असं विचाराल, तर नको. टॉप गियरमध्ये इंजिन रेंगाळलं की फायदा कमी होत जातो, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव घेईल.

कंपनीचा चोविसाच्या आसपासचा आकडा मनातून काढा. आपल्याकडची ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते आणि तिच्यात सर्वात जास्त वेग 90 असतो. 120 ने पळणारी गाडी त्या चाचणीत कधी आलीच नाही.

आता एक गोष्ट, जी नाशिककरांच्या लक्षात येत नाही. जाताना ॲव्हरेज छान आणि येताना पडलं, असं वाटलं तर घाबरू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे. माणसांसकट टनभर वजनाची गाडी तेवढी वर चढवायला, इंजिनाची कार्यक्षमता धरून, अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल लागतं. कसाऱ्याच्या जुन्या घाटाने या नाहीतर समृद्धीच्या बोगद्यातून, चढ तेवढाच. उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं, सगळं नाही. म्हणून फक्त जातानाचा आकडा घेऊन मित्रांना सांगणारे लोक असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. जाऊन-येऊनच मोजायचं. पावसाळ्यात उलटा खेळही होतो: वारा पश्चिमेचा, म्हणजे मुंबईकडे जाताना समोरून. समोरून 20 चा वारा असेल तर तुमच्या 80 ला हवा 100 सारखीच लागते.

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे काका आमच्या सोसायटीतही आहेत. गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे हल्लीच्या जवळपास सगळ्याच गाड्यांत, पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. कसाऱ्याच्या घाटात हा प्रयोग तर करूच नका.

पण तुमचा खरा प्रश्न वेळेचा असेल, तर तोही मी मांडून पाहिला. इगतपुरी ते आमणे 76 किलोमीटर. 120 ने 38 मिनिटं, 100 ने साधारण 46, 80 ने 57. म्हणजे शंभरावरून एकशेवीसवर गेल्याने आठ मिनिटंही वाचत नाहीत, आणि माझ्या गाडीत तेवढ्या पट्ट्यात सव्वा लिटर जास्त जातं. सव्वाशेच्या आसपास रुपये झाले. 80 ला मी स्वतः जात नाही, खरं सांगतो, एकट्याने जाताना झोप येते. 95 ला काटा ठेवतो आणि डावीकडून जातो. बायको म्हणते तूच एकटा असा दिसतोस रस्त्यावर.

वरचे आकडे स्पीडोमीटरचे आहेत. मोबाईलच्या जीपीएसवर पाहिलं तर माझा काटा 100 दाखवतो तेव्हा खरा वेग 95 असतो. बहुतेक गाड्यांचा काटा थोडा पुढेच असतो, तुमचा तपासून घ्या.

एसी बिनधास्त चालू ठेवा, या वेगाला खिडक्या उघड्या ठेवणं काही स्वस्त पडत नाही. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा भरा, दरवाजाच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाडीच्या टपावर कॅरिअर दिसतोय, तोही हवा अडवतो. सामान नसेल तर पुढच्या फेरीआधी तो काढा आणि मग इथे आकडा कळवा.