चक्रीवादळ आणि अतिवृष्टीआधी सांडपाणी प्रक्रिया केंद्राची काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात एका प्लांटवर नुकतेच ऑपरेटर म्हणून लागलात, आणि पाऊस तोंडावर आलाय. मीही इथेच, याच कामात आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मी ड्युटीवर होतो. आम्हाला नडली ती वीज. झाडं तारांवर पडली, लाईट गेली ती परत येईना. जनरेटर होता, पण डिझेल जेमतेम एका रात्रीचं. दुसऱ्या दिवशी ब्लोअर, म्हणजे जीवाणूंना हवा पुरवणारी यंत्रं, थांबले आणि एअरेशन टाकीतलं (ही हवा सोडतात त्या टाकीतलं) तपकिरी पाणी संध्याकाळपर्यंत काळं पडलं, कुजका वास सुटला. लाईट आल्यावरही प्लांट रुळावर यायला तीन आठवडे गेले. पुराचं पाणी दोन दिवसांत ओसरतं, पण अमोनिया खाणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. ते गेले की पुन्हा जमवावे लागतात. म्हणून माझी तयारी आता त्यांच्यापासून सुरू होते.

निदान तीन दिवसांचं डिझेल भरून ठेवा. जनरेटर नुसता सुरू करून बघू नका, ब्लोअरचा लोड देऊन तासभर चालवा. रिकामा चालणारा जनरेटर लोड आला की बसलेला मी पाहिलाय. डिझेल कमी पडतंय असं दिसलं तर ब्लोअर तासाला पंधरा-वीस मिनिटं चालवा. तेवढ्या हवेवरही जीवाणू तग धरतात.

दुसरा धोका हे जीवाणू वाहून जाण्याचा. गटाराच्या लाईनमध्ये पावसाचं पाणी यायला नको, पण येतं. लोक छपराचा पाईप थेट चेंबरला जोडतात, अंगणात पाणी तुंबलं की मॅनहोलचं झाकण उघडतात. हिशोब करा : शंभर चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी झालं. म्हणजे एका घराच्या छपरातून जवळजवळ नव्वद माणसांचं दिवसभराचं सांडपाणी! हा लोंढा टाकीतला स्लज, म्हणजे जीवाणूंचा गाळ, ढकलून थेट नदीत नेतो. तुमचा प्लांट पणजीच्या टोंकसारखा एसबीआर पद्धतीचा असेल (एकाच टाकीत पाणी भरणं, हवा देणं, निवळू देणं आणि सोडणं आळीपाळीने चालतं, त्या एका फेरीला सायकल म्हणतात), तर सायकल लहान करायची सोय पॅनेलवर कुठे आहे ते आजच शिकून घ्या. रात्री दोनला, मुसळधार पावसात शिकायची ती गोष्ट नव्हे. जादा स्लज मेमध्येच काढून गाळून घ्या, जूननंतर ड्राइंग बेडवर, म्हणजे स्लज वाळवायच्या वाफ्यांवर, काही वाळत नाही.

आता एक गोष्ट जी नवीन माणसाच्या हातून हमखास चुकते. पाऊस येतोय म्हणून जागा करायला जमिनीतली टाकी रिकामी करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भूजल अगदी वर येतं, आणि खालून दाब आला की रिकामी काँक्रीटची टाकी होडीसारखी उचलली जाते. तळ फुटतो, पाईप तुटतात. साफसफाईला टाकी उतरवायची असेल तर ती उन्हाळ्यातच.

पॅनेल आणि मोटरी किती उंचीवर आहेत ते टेपने मोजा. जुन्या लोकांना विचारा, पाणी कुठवर चढलं होतं. नदीकाठी असाल तर पौर्णिमा-अमावास्येची भरती कॅलेंडरवर खूण करून ठेवा; भरती आणि पाऊस एकत्र आले की प्रक्रिया केलेलं पाणी बाहेर जात नाही, उलट आत येतं. आउटफॉलचा (पाणी नदीत सोडायच्या तोंडाचा) फ्लॅप, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, गंजून उघडा राहिला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. स्क्रीन (कचरा अडवणारी जाळी) साफ, एक जादा सबमर्सिबल पंप, हायपोक्लोराईटचे (जंतुनाशकाचे) ड्रम उंचावर, बाकी यादी तुमचे सुपरवायझर देतीलच.

पण पंप अडकला म्हणून वेट वेलमध्ये, म्हणजे सांडपाणी जमा होऊन पंपाने उपसलं जातं त्या विहिरीत, कोणालाही उतरू देऊ नका, कितीही वरून दबाव आला तरी. तिथला गॅस दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. पंप साखळीने वर ओढायचा. साखळी गंजलेली नाही ना, हे उद्या सकाळी जाऊन बघा.