अमेरिकेत फ्युनरल सर्व्हिस शिकताना विद्यार्थ्यांच्या प्रोफेशनल फ्रॅटर्निटीत जावं का?

तुझ्या प्रश्नात एक ओळ आहे, "काका म्हणतात, मढी सजवायला शिकणाऱ्यांची कसली आलीय फ्रॅटर्निटी, पैसे उकळायचा धंदा." त्या ओळीपायी हे लिहायला बसले. फ्युनरल सर्व्हिस म्हणजे प्रेत तयार करण्यापासून अंत्यविधीपर्यंतचं काम, आणि प्रोफेशनल फ्रॅटर्निटी म्हणजे एकाच पेशाचं शिकणाऱ्यांची संघटना. फी किती, नोकरीला उपयोग होतो का, मुलींना घेतात का, हे तुझे बाकीचे प्रश्न अधूनमधून येतीलच. माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते.

मुलींना घेतात. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करू नये असा १९७२ चा कायदा आहे, टायटल नाइन. त्यातून नुसत्या मैत्रीसाठीच्या सोशल फ्रॅटर्निटींना सूट मिळाली, प्रोफेशनल फ्रॅटर्निटींना नाही. नावात बंधुभाव असला तरी आत बायकाच जास्त दिसतील, कारण आता कोर्सलाच मुली जास्त असतात. आपल्या पेशातल्या फ्रॅटर्निटी म्हणजे पाय सिग्मा ईटा, एप्सिलॉन नू डेल्टा, जिची शाखा (तिला चॅप्टर म्हणतात) तुझ्या कॉलेजात असेल ती. माझी कोणती ते सांगत नाही, कारण खाली तक्रारीही लिहिल्या आहेत.

मी कोर्सला गेले तेव्हा ४४ वर्षांची होते. दिवसभर लॅब करून घरी आले की सासूबाई गॅरेजच्या दाराशी टॉवेल घेऊन उभ्या. कशाला हात न लावता थेट बेसमेंटमध्ये आंघोळ, मग वर यायचं. रागाने नाही हो, त्यांच्या लेखी मी रोज स्मशानातून येत होते. नवरा समजूतदार, पण "जेवताना तो विषय नको" एवढं त्याचंही होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं आणि मी खरं सांगितलं की समोरच्या बाईचा मोदक हातातच राहायचा. ज्या दिवशी मला पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय प्रेताची कॅरोटिड, म्हणजे केमिकल भरायची मानेतली धमनी, सापडली, त्या दिवशी हे सांगायचं कुणाला? चॅप्टरच्या मीटिंगला गेले. पिझ्झा खाताखाता एकीने विचारलं, "सापडली?" मी मान डोलावली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांना हा धंदा वाटत असेल तर वाटू दे.

आणि नुसता पिझ्झा नव्हता. आमच्या लॅबचा एक्झॉस्ट मरतुकडा होता, डोळे चुरचुरायचे. मी एकटी बोलले असते तर "सवय होईल" म्हणून वाटेला लावलं असतं. चॅप्टरने लेखी दिलं, की फॉर्मल्डिहाइडची (प्रेतात भरायच्या केमिकलमधला वायू) ओशाची, म्हणजे कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याची, मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ०.७५ पीपीएम आहे, तुमचं मोजमाप दाखवा. महिन्याभरात फॅन बदलला.

आता मुख्य गोष्ट. चॅप्टरमध्ये दर महिन्याला कुणीतरी आपापल्या लोकांची रीत दाखवायचं. कॅथलिक मुलीने जपमाळ बोटांत कशी गुंफायची ते दाखवलं, एका मुसलमान मुलाने कफनाच्या घड्या. माझी पाळी आली तेव्हा मी धोतर नेलं. अध्यक्षाला टेबलावर आडवं केलं आणि निजलेल्या माणसाला धोतर कसं नेसवायचं ते दाखवलं. आधी कूस बदलून कापड पाठीखाली सरकवायचं, पोटावर निऱ्या घालून खोचायच्या, मग कासोटा पायांमधून मागे घ्यायचा आणि पुन्हा कूस बदलून कमरेला खोचायचा. अध्यक्षाला गुदगुल्या होत होत्या, प्रेत हसत होतं. पण पोरं वहीत चित्रं काढत होती. त्यात एक दांडगा मुलगा होता, घरचं फ्युनरल होम, तिसरी पिढी. मी त्याला बंड्या म्हणायचे, तोही ओ द्यायचा.

पुढच्याच जानेवारीत अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेले. सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. रात्री हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "कोणतं फ्युनरल होम?" ज्या बाईला चार फ्युनरल होमचे दर तोंडपाठ होते तिला एक नाव आठवेना. बंड्याला फोन केला. पहाटे ३ ला, बर्फात, तो आणि त्याचे वडील व्हॅन घेऊन आले, दोघंही सूट-टाय घालून. नवऱ्याने कुजबुजत विचारलं, "ते केमिकल भरणं सक्तीचं असतं का?" बंड्याच्या वडिलांनीच सांगितलं, नाही. कायद्याने एम्बामिंग, म्हणजे ते केमिकल भरणं, लागत नसताना लागतं म्हणून सांगायची १९८४ पासून इथे बंदी आहे. अण्णांना कूलरमध्ये ठेवलं आणि परवाने यायची वाट बघितली.

नेसवायच्या दिवशी मी हट्टाने आत गेले. हे माझं काम, माझ्या माणसाचं, मीच करणार. अण्णांचे हात ताठरले होते. बंड्याने कोपर धरून, हळूहळू वाकवत, चोळत सैल केलं. अंघोळ घातली. मी धोतर उलगडलं आणि माझ्या हाताला निऱ्याच येईनात. तीनदा घातल्या, तीनदा सुटल्या. बंड्याने माझ्या हातातून कापड घेतलं आणि म्हणाला, "तूच सांगितलं होतंस, आधी कूस." मग सगळं त्यानेच केलं, कासोट्यासकट. थोडं वरच बसलं, पोटऱ्या उघड्या राहिल्या, अण्णा शेतात जाताना नेसायचे तसं.

सासूबाई आत आल्या, पायांपासून वर बघत गेल्या. "हे कुणी नेसवलं?" मी बंड्याकडे बोट केलं. अण्णा माळकरी. त्यांच्या कपाळाला बुक्का लावून झाल्यावर आईंनी तेच बोट बंड्याच्या कपाळाला लावलं. गॅरेजच्या दाराशी टॉवेल घेऊन उभ्या राहणाऱ्या याच बाई. बंड्या तसाच काळा टिळा घेऊन क्रिमेटरीपर्यंत गाडी चालवत गेला.

आणि आता पेसमेकर. हे तुझ्या प्रश्नात नाही, पण मला लिहायचंय.

अण्णांच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर होता. दहनाआधी तो काढावाच लागतो, आतली बॅटरी भट्टीच्या उष्णतेने फुटते, विटा उडतात, माणूस जखमी होऊ शकतो. इथे आता दर १० मधल्या ६ जणांचं दहनच होतं, त्यामुळे हे रोजचं काम आहे. पुण्याहून धाकटे भावजी व्हिडिओ कॉलवर होते. "अण्णांच्या अंगाला सुरी लावायची नाही." मी समजावलं. "तुमच्या त्या टोळक्याला शिकायला प्रेत हवंय, वहिनी." हे शब्द. सही करायचा पहिला हक्क बायकोचा, म्हणून कागद आईंपुढे ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "टाके नीट घालतील ना?" आणि सही केली. बंड्याने वडिलांच्या देखरेखीखाली काढला. दीड इंचाची चीर, वायरी कापल्या, डबी बाहेर, चार टाके. मी शेजारी उभी होते. क्रिमेटरीचे आणि परवान्याचे पैसे सोडून त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही.

भावजींनी घरच्या ग्रुपवर "अमेरिकेतील मित्रपरिवाराचे मनःपूर्वक आभार" असं टाकलं, हात जोडल्याच्या चित्रासकट. आणि त्याच तोंडाने आजही कराडच्या प्रत्येक लग्नात सांगतात, वहिनींनी अण्णांना चिरायला लावलं. भावजी, तुम्ही वाचत असाल, तुमचा मुलगा हे सगळं वाचतो हे मला माहीत आहे. दीड इंच. तुमच्या अपेंडिक्सची खूण त्याहून मोठी आहे. आणि पुण्यात विद्युतदाहिनीत दिलं असतंत तरी पेसमेकर काढायलाच हवा होता, तिथली भट्टी काही आपल्या माणसाला ओळखत नाही.

हं. तुझा प्रश्न.

नोकरीसाठी म्हणून जाऊ नकोस. मालक बघतो ते बोर्डाच्या, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेचे, दोन्ही भाग निघाले का, अप्रेंटिसशिप कुणाकडे केली आणि रात्री २ ला फोन उचलशील का. बायोडेटावरची ग्रीक अक्षरं तो वाचतही नाही, तो स्वतःच त्या फ्रॅटर्निटीचा असला तरच. बंड्याच्या वडिलांकडे मी पुढे दोन वर्षं काम केलं ते खरं, पण ते चॅप्टरमुळे का धोतरामुळे, कोण जाणे. मू सिग्मा अल्फाशी याची गल्लत करू नकोस, ती ऑनर सोसायटी आहे, गुणांवर मिळते, आणि मिळत असेल तर घेच.

सगळे बंड्यासारखे नसतात हेही लिहायला हवं. आमच्याकडे एका खजिनदाराने बिल्ले आणि गाउनवर इतका खर्च केला की रिस्टोरेटिव्ह आर्टच्या, म्हणजे बिघडलेला चेहरा पूर्ववत करायच्या, सरावाला मेण आणायला पैसे उरले नाहीत, त्यावरून सहा जण सोडून गेले. दीक्षाविधीच्या रात्री दिवे घालवून काहीतरी शपथा चालू होत्या, मी अर्ध्यातून उठून घरी आले, ४४ व्या वर्षी मला कोण अंधारात उभं करणार. त्याने काही बिघडलं नाही, सदस्य राहिलेच. कोर्स ऑनलाइन करत असशील तर यातलं तुला काहीच मिळणार नाही, पैसे बोर्डाच्या फीसाठी ठेव. शिकताना कर्ज असेल तरीही तेच. माझी स्वतःची माजी सदस्यांची वर्गणी तीन वर्षं थकली आहे, त्यामुळे फीचा आकडा माझ्याकडून घेऊ नकोस, तुझ्या कॉलेजच्या चॅप्टरला विचार. आणि विचारायला जाशील तेव्हा एक मीटिंग फुकट बसून बघ. कामाचं बोलतात का नुसते फोटो काढतात, तासाभरात कळतं.

काकांना पेसमेकर असेल तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.