सिस्टरला विचारा : बीपी नॉर्मल आलं म्हणजे पेशंट स्टेबल का?

प्रश्न : नमस्कार सिस्टर, मी जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या कॅज्युअल्टीला (तातडीच्या विभागात) पोस्टिंग आहे. एबीसीडीई (आधी श्वासमार्ग, मग श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी अंग उघडून बघणं, हा तपासणीचा क्रम) सगळं पाठ आहे पण खरा ॲक्सिडेंटचा पेशंट समोर आला की कुठून सुरू करायचं तेच सुचत नाही. परवा बाइकवरून पडलेला एक मुलगा आला, मांडीचं हाड मोडलेलं, तो ओरडतोय, घरचे ओरडतायत. बीपी ११०/७० आलं म्हणून केस पेपरवर स्टेबल लिहिलं गेलं आणि अर्ध्या तासात बीपी ८० वर आलं. असं कसं होतं? – एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी सुरुवात कुठून ते सांगते. पेशंटशी बोल. "नाव काय तुझं, काय झालं?" एवढंच विचार. त्याने स्पष्ट आवाजात नीट उत्तर दिलं तर एका मिनिटाच्या आत तुला कळलं की श्वासाचा मार्ग मोकळा आहे, बोलण्यापुरता श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. म्हणून जो जोरात ओरडतोय त्याच्याआधी जो गप्प पडलाय त्याच्याकडे जायचं, नातेवाईक कितीही हात धरून ओढू देत. घोरल्यासारखा किंवा गुरगुर आवाज येत असेल तर सक्शन (तोंडातलं रक्त-लाळ ओढून काढायची नळी) हातात घे, आणि मानेला मार असू शकतो म्हणून डोकं मागे वाकवायचं नाही, जबडा पुढे उचलायचा. आणि हो, रक्ताची धारच लागलेली दिसली तर एबीसीच्या आधी ती दाबायची, गॉज ठेवून सरळ हाताने, आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही.

आता बीपीचं. ७० किलोच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं १५ टक्के म्हणजे पाऊण लिटर गेलं तरी बीपीला काहीच होत नाही. दीड लिटरपर्यंत गेलं तरी तरुण माणसात वरचा आकडा बऱ्याचदा आहे तिथेच राहतो, कारण शरीर नसा आवळून धरतं आणि हृदय जोरात पळवतं. म्हणून खालचा आकडा वर सरकतो, दोन्हीतलं अंतर कमी होतं, नाडी १०० च्या वर जाते, श्वास वाढतो, हातपाय गार आणि घामट लागतात, पेशंट अस्वस्थ होतो. बीपी खरं पडतं ते ३० टक्क्यांच्या पुढे रक्त गेल्यावर. म्हणजे बीपी पडायची वाट बघत बसलो तर आपण उशिरा पोचलो. आणि मोडलेल्या मांडीतच एक ते दीड लिटर रक्त जमू शकतं, बाहेर थेंबही न दिसता. पेल्व्हिस (कमरेचा हाडांचा सांगाडा) मोडलं असेल तर त्याहून जास्त. त्या मुलाची नाडी किती होती, श्वास किती होते, हे तुझ्या पत्रात नाहीये बघ, आणि उत्तर नेमकं तिथेच होतं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. टीपीआर शीटवर (ताप, नाडी, श्वास लिहायचा कागद) सगळ्यांचेच २०-२० लिहिलेले दिसतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण मोजायला घड्याळाशिवाय काहीच लागत नाही आणि पेशंट बिघडतोय हे बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासच सांगतो. सॅच्युरेशनच्या (बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात त्या आकड्याच्या) भरवशावर राहू नको, बोटं गार पडली की ते मशीन नीट रीडिंग देत नाही. छाती उघडून बघ, दोन्ही बाजू सारख्या हलतायत का. एक बाजू हलत नाही, श्वास लागलाय आणि बीपी पडतंय, तर एक्स-रेला पाठवू नका, डॉक्टरांना तिथेच बोलवा, छातीत हवा अडकून दाबत असेल तर एक्स-रे रूममध्येच पेशंट दगावू शकतो.

दोन मोठ्या कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायच्या सुया), ग्रे नाहीतर हिरवी, आणि ब्लड ग्रुपिंगचं सॅम्पल त्याच वेळी. शुद्धीचं लिहिताना नुसतं जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, शुद्धीचे गुण) १२ लिहू नको, ई ३ व्ही ४ एम ५ (डोळे उघडणं, बोलणं, हालचाल) असं वेगवेगळं लिही, म्हणजे पुढच्या सिस्टरला कळतं नक्की काय कमी झालं. हा स्केल ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये दिला, ८ किंवा त्याखाली आला तर पेशंट स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकेल याची खात्री नसते. दारूचा वास आला म्हणून जीसीएस कमी आहे असं धरून चालायचं नाही, शुगर बघायची, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या.

कपडे कापायचे, पाठ बघायची, चार जणांनी मिळून एका दमात वळवायचं आणि लगेच ब्लँकेट. पेशंट गार पडला की रक्त नीट गोठत नाही, रक्तस्राव वाढतो. आपल्याकडे पंखा फुल आणि पेशंट उघडा, हे मी फार ठिकाणी बघते. एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी) केस असेल तर कपडे फेकायचे नाहीत, आणि चाकूचं भोक असेल तर कात्री त्याच्यातून न्यायची नाही.

ही सगळी ओळ आली कुठून तेही सांगते. १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरांचं स्वतःचं छोटं विमान शेतात कोसळलं, बायको जागीच गेली, मुलं जखमी झाली, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात जे उपचार मिळाले ते बघून ते हादरले. त्यातून १९७८ मध्ये अपघाताच्या पेशंटला कसं सांभाळायचं याचा पहिला कोर्स (एटीएलएस) झाला. म्हणजे एबीसीडीई जन्मलंच छोट्या हॉस्पिटलसाठी, जिथे दोन माणसं ड्युटीवर असतात.

आणि एबीसीडीई एकदा करून संपत नाही. पहिल्या तासात दर ५ ते १५ मिनिटांनी परत, आणि प्रत्येक नोंदीसमोर वेळ. ११०/७० हा आकडा एकटा काही बोलत नाही, त्याच्या खाली पुढचे दोन आकडे आले की बोलायला लागतो. नाडी ९६, १०८, १२२ अशी चढत असेल तर बीपी नॉर्मल असतानाच डॉक्टरांना उठवायचं, ते वैतागले तरी.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात आहे, रात्री एकटीच असते. १०८ ने जिल्ह्याला पाठवताना कागदावर काय लिहू? – स्टाफ नर्स, मराठवाडा

उत्तर : ताई, घाईत असाल हे मला माहितीये म्हणून फक्त एवढंच. कशामुळे आणि किती वाजता लागलं, काय काय लागलंय, तुमच्याकडचे सगळे व्हायटल्स वेळेसकट (शेवटचे एकच नको), काय दिलं आणि कधी दिलं. रक्तस्राव कमी करण्यासाठीचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध मार लागल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच उपयोग, उशिरा दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं, म्हणून मेडिकल ऑफिसरना ती वेळ आठवण करून द्या. टुर्निके (रक्त थांबवायला हात-पाय आवळून बांधायचा पट्टा) बांधला असेल तर बांधल्याची वेळ पेशंटच्या अंगावरच मार्करने लिहा, कागद हरवतो.

प्रश्न : डोक्याला मार लागला की रात्रभर झोपू द्यायचं नाही, खरंय का? – वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या. पहिले २४ तास कोणीतरी जवळ असावं आणि अधूनमधून उठवून नाव, ठिकाण विचारावं. परत परत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट, एका बाजूचा हात-पाय ढिला, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. मधले काही तास माणूस अगदी ठणठणीत वाटतो आणि मग कोसळतो असंही होतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मार छोटा वाटला तरी दाखवाच.

प्रश्न : वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. माकडहाडावर लाल डाग दिसतोय. पावडर लावून चोळतो आणि हवेची रिंग आणलीये. बरोबर आहे का? – वाचक, ठाणे

उत्तर : चोळणं आजच बंद करा दादा, आतली कातडी आधीच दुखावलेली असते. रिंगही काढा, तिच्या कडेने दाब पडून मधलं रक्त अजून अडतं. डाग बोटाने दाबून बघा, पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे, तसाच लाल राहिला तर बेडसोअर सुरू झालाय. दर दोन तासांनी कूस बदला, सर्जनने सांगितलेल्या पद्धतीनेच, पायांमध्ये उशी ठेवून. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी द्या. ओढत वर सरकवू नका, चादरीने दोघांनी उचला. खाण्यात अंडी, डाळ, दूध वाढवा, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि एक पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री घेऊन जा, ती रक्ताची गाठ असू शकते.