उभ्या गाडीची बॅटरी

मित्रा, पोर्शे ९११ घेतलीस, मनापासून अभिनंदन! पण पार्किंगमध्येच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करणं आजच सोड. स्टार्टरने खाल्लेली वीजही तेवढ्यात नीट भरून निघत नाही. अलार्म, कीलेस लॉक उभ्या गाडीतही बॅटरी पीत राहतात. सोसायटीकडे सब-मीटरसह (तुझ्या वापराचं वेगळं वीजमीटर) प्लग पॉइंट माग आणि बॅटरी मेंटेनर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लाव. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीचाच. कमिटी टाळाटाळ करेल, पण पिच्छा सोडू नकोस. तोवर रविवारी पहाटे मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर पाऊण तास सलग चालव. लेड-ॲसिड बॅटरी मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दिसली की लगेच चार्ज कर. आणि हो, निगेटिव्ह टर्मिनल काढलंस तर पुढचं बॉनेट बंद करू नकोस. त्याचं कुलूप विजेवरच उघडतं, मग ते उघडायला वीजच नसेल.