‘गॅसलाइट’ करणं आणि गॅसवर ठेवणं

मालवणच्या एका बारावीतल्या मुलीचा प्रश्न आहे: इंग्रजी वेब सीरिजमध्ये ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द सारखा कानावर पडतो, मैत्रिणी तो कुठल्याही थापेला वापरतात, आपलं ‘गॅसवर ठेवणं’ ते हेच का?

नाही. निकाल लागेपर्यंत पोरं गॅसवर असतात, तो जिवाला लागलेला घोर. इंग्रजी शब्दातला गॅस दिव्याचा आहे, आणि तो दिवा डोळ्यांसमोर आणला की शब्द पुन्हा विसरत नाही.

गॅसबत्ती म्हटलं की आपल्याला जत्रेतलं दशावतारी नाटक आठवतं. पण ती बत्ती रॉकेलची. प्रत्येकीची टाकी वेगळी, हवाही वेगळी मारायची. एक मंदावली म्हणून दुसरी मंदावत नाही. जुन्या लंडनमधल्या घरांत गॅस नळीतून यायचा आणि सगळे दिवे त्याच नळीवर. एका पाइपवर दोन नळ असले की खालचा सोडल्यावर वरच्याची धार बारीक होते ना, तसंच. एका खोलीत दिवा लावला की दुसरीकडची ज्योत खाली बसायची.

पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे १९३८ सालचं नाटक यावरच उभं आहे. १९४४ च्या हॉलिवूडपटात इन्ग्रिड बर्गमनने त्यातल्या बायकोचं काम केलं आणि ऑस्कर मिळवलं. नवरा बाहेर जातो म्हणून सांगतो आणि गुपचूप माळ्यावर शिरतो, दडवलेले दागिने शोधायला. तो वर दिवा लावतो, खाली तिच्या खोलीतला मंद होतो. तिला ते दिसतं, वर पावलं वाजलेली ऐकू येतात, पण घरात कोणी दुजोरा देत नाही. दिलेला ब्रोच नवराच गायब करतो आणि तूच हरवलास म्हणतो. होता होता तिचा स्वतःच्या डोळ्या-कानांवरचा भरवसा उडतो.

बोकड खांद्यावर घेतलेला ब्राह्मण आणि तीन ठग आठवा. ‘कुत्रं कशाला उचललंत?’ असं तिघांनी वाटेत विचारलं आणि त्याने बोकड टाकून दिला. डावपेच तोच, पण ते ठग वाटेवरचे परके होते. गॅसलाइट करणारा बहुधा ज्याच्यावर आपण विसंबतो तोच असतो, म्हणून शब्दाला ही धार आहे. मराठीत जवळचा प्रयोग ‘वेड्यात काढणं’. तरी वेड्यात काढलेला माणूस भांडू शकतो. गॅसलाइट झालेला ‘माझंच चुकलं असेल’ म्हणतो.

म्हणून थापेला हा शब्द वापरू नये. समजा, दलालाने हापूसचा भाव खोटाच पडलेला सांगितला, तर ती साधी लबाडी. पण शंभर पेट्या पाठवल्यावर तो दर खेपेला ‘नव्वदच होत्या काका, तुम्हाला हल्ली आठवत नाही’ म्हणत राहिला आणि काकांनी स्वतः मोजणंच सोडलं, तर ‘दलालाने काकांना गॅसलाइट केलं’ हे वाक्य बरोबर. क्रियापदाला कर्म माणूसच लागतं. भाव किंवा हिशोब गॅसलाइट होत नाही.

मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०२२ चा शब्द म्हणून हाच निवडला होता, तेव्हा परीक्षेतही भेटेल. तो सिनेमा मात्र जरूर बघ. बाहेरचा एक माणूस घरात येतो, आणि ज्योत खाली बसलेली त्यालाही दिसते. तेव्हा तिचा चेहरा बघ.