नोकरी रोबोटने घेतली, राग शेजाऱ्यावर निघाला

यंत्रेच सगळी कामे करू लागली तर आमचे काय होणार, ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मुलाला लातूरला शिकवणीसाठी ठेवलेले पालक विचारतात की, एवढा खर्च करून तो जे शिकेल ते काम तोवर माणसाच्या हातात राहील का. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतले चाळिशी-पन्नाशीचे कामगार विचारतात की, आमची गरजच उरणार नसेल तर घरात बसून आम्ही करायचे काय. मात्र हा प्रश्न सहसा एकटा येत नाही. थोडे बोलणे झाले की त्याच्यामागून दुसरे वाक्य येते, "हे सगळं त्या लोकांमुळं झालं." ते लोक कोण, हे बोलणाऱ्याची जात, धर्म किंवा गाव यांवरून ठरते. या दोन वाक्यांचे एकमेकांशी काय नाते असते, हे ज्यांच्या बाबतीत मला सर्वांत स्पष्ट दिसले त्या गृहस्थांची हकीकत त्यांच्या परवानगीने येथे देत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची जात मी मुद्दाम लिहिलेली नाही, कारण तीच वाक्ये, केवळ समाजांची नावे उलटसुलट करून, मी दोन्ही बाजूंकडून ऐकलेली आहेत.

दिगंबरराव सत्तेचाळीस वर्षांचे. मूळ गाव जालना जिल्ह्यात. कोरडवाहू जमीन भावांत वाटली गेल्यावर वाट्याला आलेल्या तुकड्यावर घर चालणार नाही, हे ओळखून त्यांनी आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड केला आणि वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते लागले. पुढे पर्मनंट झाले, बजाजनगरात घर झाले, मुलगी फार्मसीला गेली. मग वेल्ड शॉपमध्ये रोबोट आले. सुरुवातीला दिगंबररावांना पार्ट लोडिंगवर ठेवले होते, म्हणजे फिक्स्चरमध्ये तुकडा बसवायचा, क्लॅम्प लावायचा, बाहेर येऊन बटण दाबायचे आणि रोबोटचे होईपर्यंत उभे राहायचे. "रोबोट काम करायला अन् मी त्याला पार्ट भरवायलो," असे ते मला म्हणाले. नंतर स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ती कितपत स्वेच्छेची असते, हे औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांना सांगायला नको. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग घराच्या कर्जात गेला आणि तरीही हप्ते उरलेच.

माझ्याकडे त्यांना त्यांच्या पत्नीने आणले, आणि तेही नोकरीच्या नव्हे तर भांडणाच्या कारणाने. सुदामराव हे त्यांचे कारखान्यातले फार जुने सोबती. एकाच शिफ्टचे, एकाच बसचे, डबा सोबत उघडणारे, पण दुसऱ्या समाजाचे. २०२३ पासून मराठवाड्यात आरक्षणाच्या प्रश्नावर जे वातावरण तापले, त्यात कित्येक ठिकाणी एका व्हॉट्सअॅप ग्रुपचे दोन ग्रुप झाले आणि या दोघांचे तसेच झाले. अशातच सुदामरावांच्या मुलाला सरकारी नोकरी लागली. पेढे घेऊन आलेल्या सुदामरावांना दिगंबररावांनी दारातच नको ते बोलून परत पाठवले. त्यानंतर त्यांचा दिवस मोबाइलवर येणारे संदेश वाचण्यात आणि पुढे ढकलण्यात जाऊ लागला. "जेवतानाबी त्या लोकांचंच चालतं, मॅडम. पोरगी ताट उचलून आत जाती," असे वहिनी सांगत होत्या आणि दिगंबरराव खिडकीकडे पाहत बसले होते.

पहिल्या भेटीत मी जातीचा विषय काढलाच नाही. झोप, भूक, दारू आणि जीव नकोसा वाटतो का, एवढेच विचारले. हा शेवटचा प्रश्न विचारायला घरचे लोक कचरतात, कारण विचारल्यानेच तो विचार डोक्यात शिरेल अशी त्यांना भीती वाटते. तसे होत नाही. सरळ विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते, आणि शेतकरी आत्महत्यांची बातमी ज्या प्रदेशाला नवी राहिलेली नाही तेथे तर हा प्रश्न टाळणे परवडणारे नाही. दिगंबरराव म्हणाले, "कधीमधी येतं मनात. पोरीकडं बघून जातं." मग रात्री तसे वाटले तर कोणाला उठवायचे हे ठरवले, झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे, ती मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

त्यानंतर त्यांना दिवसाची नोंद ठेवायला सांगितले. कारखान्याकडून मिळालेल्या एका जुन्या डायरीत त्यांनी ती ठेवली. पहिल्या पानावर होते: "५.२० उठलो. दाढी. ६.१० नाक्यावर चहा. ६.२५ बस गेली. घरी आलो." पहिल्या शिफ्टची बस नजरेआड होईपर्यंत ते टपरीवर उभे राहत आणि मग परत फिरत. पुढची नोंद एकदम दुपारच्या जेवणाची होती. मधल्या वेळात काय केले, हे त्यांना सांगता येत नव्हते.

असेच चित्र पूर्वी एका अभ्यासात दिसले होते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची सुमारे दीड हजार वस्तीची गिरणीवाडी होती. १९२९-३० च्या सुमारास तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तेथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही आमच्या क्षेत्रात वाचला जातो. रिकामा वेळ हाती आला म्हणून तेथील माणसे जास्त वाचू लागली नाहीत; उलट वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले, आणि सकाळपासून काय केले असे विचारले तर त्यांना फारसे आठवेना. बायका मात्र भरभर चालत, कारण घरकाम संपलेले नव्हते. शिवाय शेजारी भत्ता घेतो आणि चोरून कामही करतो, अशा तक्रारी सरकारकडे वाढल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा खोट्या निघाल्या. गिरणी बंद करणारे गावात राहत नव्हते, शेजारी मात्र रोज समोर दिसत होता. याहोडा यांनी पुढे असे मांडले की, नोकरी पगाराखेरीज आणखी काही गोष्टी देते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण एका मोठ्या कामाचा भाग आहोत ही जाणीव, समाजात एक जागा आणि हातांना रोजची हालचाल. यंत्रांमुळे सगळ्यांना आराम मिळेल आणि सरकार महिन्याला पैसे देईल, असे चित्र रंगवणाऱ्यांनी ही यादी जवळ ठेवावी असे मला वाटते. पैसे मिळाले तरी ६.२५ ची बस गेल्यानंतरचे काय, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या टप्प्यात डायरीत आणखी एक रकाना आखला. एखादा द्वेषाचा संदेश पुढे पाठवला की त्याच्या दहा मिनिटे आधी काय घडले होते, ते तेथे लिहायचे. दिगंबररावांना हे पोरकट वाटले, तरी त्यांनी केले. त्या रकान्यात जमले ते असे: बँकेचा हप्त्याचा मेसेज, मुलीच्या कॉलेजच्या फीची आठवण, जुन्या सहकाऱ्याने टाकलेला नव्या रोबोटचा फोटो, मेहुण्याचा "काय चाललंय सध्या?" हा फोन. पान माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "आधी हप्ता येतो, मग मी ह्ये धाडतो." वड्याचे तेल वांग्यावर काढणे हे घराघरात चालते, पण आपलेच तेल कोणत्या वड्याचे आहे हे आपल्याच अक्षरात वाचायला मिळणे वेगळे.

मग मी त्यांना एका कागदावर त्यांची नोकरी जाण्याचा क्रम लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले: गाडी कंपनीची क्वालिटीची मागणी, मालकाचा निर्णय, रोबोट, लोडिंग, स्वेच्छानिवृत्ती. त्यात सुदामराव नव्हते आणि त्यांचा मुलगाही नव्हता. खासगी कारखान्यात आरक्षण नसतेच. ज्या नोकरीसाठी दिगंबरराव झुरत होते तिच्याशी त्या वादाचा काडीचा संबंध नव्हता. हे मी बोलून दाखवले नाही, कारण अशा जागी समुपदेशकाने वाद जिंकला की समोरचा माणूस पुढच्या वेळी येत नाही. आरक्षण कोणाला असावे याबद्दल त्यांचे मत बदलणे हे माझे काम नव्हते आणि ते मत आजही बदललेले नाही. मत असणे आणि त्या मतापायी मित्राला दारातून हाकलणे यांत जेवढे अंतर असते, तेवढेच माझ्या खोलीत हाताळता येते. त्यांचा राग खोटा होता असेही मी म्हणत नाही. यंत्रातून वाढलेला नफा कोणाकडे गेला आणि काढलेल्या माणसांच्या वाट्याला त्यातले काय आले, हा रास्त प्रश्न आहे. तो कामगार संघटनेत, मालकासमोर आणि मते मागायला येणाऱ्यांसमोर विचारायला हवा. शेजाऱ्यावर बोट ठेवले की तो विचारलाच जात नाही, आणि काहींना तेच सोयीचे असते.

मारिएनथालच्याच काळात व्हिएन्नामध्ये व्हिक्टर फ्रँकल हे तरुण डॉक्टर बेकार मुलांवर उपचार करत होते. काम नाही म्हणजे मी निरुपयोगी आणि निरुपयोगी म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही, असे समीकरण या मुलांच्या मनात बसलेले त्यांना दिसले. त्यांनी त्यांना वाचनालये, प्रौढशिक्षणाचे वर्ग, युवक संघटना अशा ठिकाणी बिनपगारी कामाला लावले. पोट तेवढेच रिकामे राहिले तरी त्यांची उदासी कमी झाली, असे फ्रँकल यांनी नोंदवले आहे. त्याच देशात १९३८ मध्ये साऱ्या संकटांचे खापर ज्यूंवर फोडणाऱ्यांची सत्ता आली आणि ज्यू असलेल्या फ्रँकल यांची १९४२ मध्ये छळछावणीत रवानगी झाली. बेकारी हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण दुसऱ्यावर खापर फोडू पाहणारी मने तिने तयार करून ठेवली होती.

दिगंबररावांच्या बाबतीत मात्र मी बिनपगारी कामाचा सल्ला दिला नाही. शेवटचे कोणाला तुमच्यावाचून अडले होते, असे विचारल्यावर त्यांनी एक प्रसंग सांगितला. ते बाहेर पडल्यानंतर रोबोटच्या जोडात बारीक छिद्रे येऊ लागली. तरुण टेक्निशियनने करंट, व्होल्टेज, वायरचा वेग सगळे तपासले आणि शेवटी चोरून दिगंबररावांना फोन लावून आवाज ऐकवला. चांगल्या आर्कचा आवाज एकसारखा चुरचुरतो आणि त्यात तडतड आली की काहीतरी बिनसलेले असते, हे त्यांचे कान जाणतात. त्यांनी विचारले, "पंखा नवीन बसवला का तिथं?" बसवला होता, त्याच्या वाऱ्याने जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस उडून जात होता. सांगताना ते पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले आणि लगेच चिडून म्हणाले, "फुकटात विचारतात मॅडम!" मी म्हणाले, "मग पुढच्या वेळी पैसे मागा." जगण्याचा हेतू या विषयावर बोलताना नोकरी गेलेल्या माणसाला समाजसेवेचा उपदेश करणे मला बरे वाटत नाही. ज्याच्या कौशल्याची गरज आहे त्याला त्याचा मोबदलाही मिळायला हवा.

आज ते गावाजवळच्या रस्त्यावर एका शेडमध्ये ट्रॉली, नांगर आणि गळीत हंगामात ऊसतोडणी यंत्रांची दुरुस्ती करतात. मिळकत पूर्वीच्या पगाराइतकी नाही. सुदामराव मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तेव्हा त्यांना आत बसवले गेले. ग्रॅच्युइटीच्या हिशेबाबद्दल दोघे आता बोलतात, आरक्षणाबद्दल बोलत नाहीत, आणि मला यात काही कमी वाटत नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी स्वतःच एक गोष्ट काढली. त्यांचा मावसभाऊ आणि त्याची बायको बीड जिल्ह्यातून दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. तोडणी यंत्रांना सरकार अनुदान देते, ती फडात उतरली की तेवढ्या कोयत्यांचे काम जाते आणि त्यांतल्याच यंत्रांना दिगंबरराव वेल्डिंग करतात. "म्हंजे मॅडम, आता मी दुसऱ्याचा रोबोट नीट करायलो," ते म्हणाले. भाऊबंदांत त्यांच्याविषयी कुजबूजही सुरू झाली आहे. या वेळी "ते लोक" म्हणजे दिगंबररावच आहेत. मावसभावाला यंत्राचा ऑपरेटर होण्यासाठी शिकवायची त्यांची तयारी आहे. पण ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यातल्या बायकोसाठी त्या यंत्रावर अजून कोणी जागा काढलेली नाही. तीही बोलायला येईल का, असे मी विचारले आहे.